कोबीची गाठोडी

ह्यांचं वारंगा फाट्यावर मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळाली की लोक ती घेऊन येतात. जळालेली तार काढायची आणि नवी भरून द्यायची, हाच धंदा. त्या हिवाळ्यात एक गिऱ्हाईक आपली मोटार न्यायला आलं आणि जाताना दुकानात पत्ताकोबीची गोणी ठेवून गेलं. त्याच्या रानात कोबी एवढी निघाली होती की गुरंही नुसता वास घेऊन तोंड फिरवत होती म्हणे. ह्यांनी ती गोणी मोटारसायकलवर आडवी बांधून घरी आणली आणि स्वयंपाकघरात उपडी केली. एक गड्डा घरंगळत बाहेरच्या खोलीत गेला आणि आत्याबाईंच्या खाटेखाली जाऊन थांबला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्या तेव्हा अंथरुणावर होत्या. उन्हाळ्यात अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, जखम भरली की वॉकर धरून चालवा, रोज थोडं थोडं वाढवत न्या. आम्ही वॉकर आणला. पहिल्या दिवशी त्या कशाबशा चार पावलं चालल्या, मोठ्यानं रडल्या आणि मटकन खाली बसल्या. त्यानंतर कुणी कितीही समजावलं तरी त्यांनी पाय जमिनीला टेकवला नाही. हळूहळू त्या वॉकरवर ओले टॉवेल वाळायला लागले.

तेव्हापासून त्यांचं सगळं खाटेवरच. मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींचे फ्रॉक. मशीनवरून उठायचं, त्यांना संडासाचं भांडं द्यायचं, ते नेऊन रिकामं करायचं, हात धुवायचे आणि पुन्हा मशीनवर बसायचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना कुशीवर वळवायचं, पुसून पावडर लावायची. हे मी कुणाचं कौतुक मिळावं म्हणून सांगत नाही. पुढं जे घडलं ते मला इतकं का लागलं, ते कळावं म्हणून सांगते.

दर रविवारी पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन यायचा. ते तिकडं कंपनीत आहेत, जाऊही नोकरी करते, त्यांना एक लहान मुलगी आहे. पडायच्या आधीच्या वर्षी आत्याबाई त्या नातीला सांभाळायला बरेच महिने पुण्यात राहून आल्या होत्या. दीर फोनवर दरवेळी विचारायचे, आई चालायला लागली का, लागली की लगेच गाडी घेऊन येतो. मी फोन आत्याबाईंच्या कानाशी धरायची. त्या म्हणायच्या, यायचंच हाय रे लेकरा, पर पायच ऐकंना. खरं सांगायचं तर त्यांच्या चालण्याची वाट दिरांपेक्षा मी जास्त बघत होते.

आमची लेक नांदेडला नर्सिंगला आहे. ती तेव्हा सुट्टीला आली होती. कोबीची भाजी, भजी, पराठे असं सगळं झाल्यावर एका सकाळी तिनं सांगून टाकलं की आता कोबी जेवणार असेन तर काकू करते तसे रोलच. जावेनं पुण्यात एकदा आम्हाला ते खाऊ घातले होते. कोबीच्या पानात सारण भरून, गुंडाळून, टोमॅटोच्या रश्शात शिजवलेले. जाऊ आत पनीर घालते आणि वरून चीज किसते. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. मी म्हटलं, घरात जे आहे त्यात करू.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात मीठ आणि हळद टाकली. गड्ड्याचा देठ सुरीनं खोलवर कोरून काढला आणि अख्खा गड्डा पाण्यात सोडला. जरा वेळानं बाहेरची पानं सैल होतात, ती एकेक सोडवून घ्यायची. पान कच्चं असलं तर वाकवताना मोडतं, जास्त शिजलं तर फाटतं. मधली जाड शीर पाठीमागून तासून घेतली की मात्र ते कापडासारखं घडी घेतं, आणि कापडाचं मला कळतं. सारणाला अर्धवट शिजवलेला भात घेतला, भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचा कूट, बारीक कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि घरचा काळा मसाला. कालवतानाच लेकीनं दोनदा बोट बुडवून चाखलं.

गुंडाळायला आमचे हात पुरेनात. आत्याबाईंचे हात तर मोकळेच होते. दिवसभर छताकडं बघत पडण्यापेक्षा त्यांना तेवढाच विरंगुळा, म्हणून मी त्यांच्या पाठीशी उशा लावल्या, मांडीवर मोठं ताट दिलं आणि बाजूला पानं, सारण, मशीनचा पांढरा दोरा ठेवला. आधी देठाकडची बाजू वर घ्यायची, मग दोन्ही कडा आत आणि मग गुंडाळत जायचं, असं एक करून दाखवलं. त्यांनी पान उलटंपालटं करून बघितलं.

"हे तं गाठोडं बांधायचंच काम हाय," त्या म्हणाल्या.

माझे रोल कडेनं फुगत होते, सारण बाहेर येत होतं. त्यांचे अगदी घट्ट, एकसारखे, आणि वर दोऱ्याची गाठ अशी की ओढली की सुटावी. मी आत रश्शाला फोडणी द्यायला गेले.

आमच्या भागात जमिनीतून आवाज येतात. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण खालून गुरगुरल्यासारखं होतं, मांडणीवरची भांडी किणकिणतात, लोक एकमेकांकडं बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. कधी भिंतीला बारीक चीर जाते. लेकरांना शाळेत शिकवलेलं असतं, आवाज आला की मोकळ्यात पळायचं. सुरुवातीला आम्हीही पळायचो. मग सवय झाली.

त्या दिवशीचा आवाज मात्र तसा नव्हता. घराखाली कुणीतरी दगडांनी भरलेला टिप्पर ओतावा तसा आला, आणि थांबलाच नाही. पायाखालची फरशी एका बाजूला ओढल्यासारखी झाली. पातेल्यातलं पाणी या काठाहून त्या काठाला जाऊन गॅसवर सांडलं. मांडणीवरचे डबे खाली आले, वरचे पत्रे खडखडायला लागले. मी गॅस बंद केला, लेकीला मागच्या दारानं बाहेर ढकललं आणि बाहेरच्या खोलीकडं पळाले. डोक्यात एकच होतं की आत्याबाईंना उचलायचं कसं. एकटीला त्या उचलत नाहीत. वाकळेसकट ओढत न्यावं, असं मी पळता पळताच ठरवलं.

खाट रिकामी होती.

मला वाटलं, हादऱ्यानं खाली पडल्या. वाकून खाटेखाली बघितलं. तिथं फक्त तो कोबीचा गड्डा होता. वाकळ एका अंगाला सारून ठेवलेली, उशा जागच्या जागी. त्या क्षणी मला भूकंपाचीसुद्धा भीती वाटली नाही, एवढी मी त्या रिकाम्या खाटेकडं बघत राहिले. बाहेरून लेक ओरडत होती म्हणून भानावर आले आणि दारातून बाहेर पडले.

आत्याबाई अंगणात शेवग्याखाली उभ्या होत्या. कशालाही न धरता, स्वतःच्या दोन पायांवर. दोन्ही हातांनी छातीशी ताट धरलेलं, आणि ताटातलं एकही गाठोडं हललेलं नव्हतं.

जमीन तोवर थांबली होती. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली होती. कुणी लेकरं मोजत होतं, कुणी फोन लावत होतं. मग एकेकाचं लक्ष आत्याबाईंकडं गेलं. समोरच्या घरातल्या म्हातारीनं येऊन त्यांच्या पायाला हात लावला. देव पावला, असं ती म्हणाली, आणि मग सगळेच म्हणायला लागले. माझी लेक आजीला बिलगून रडत होती. जबर भीतीनं माणूस असा उठू शकतो, असं तिनं मला रडत रडतच समजावलं.

मला रडू आलं नाही. माझं लक्ष दाराकडं गेलं होतं. आत्याबाई दवाखान्यात होत्या तेव्हा ह्यांनी पुढच्या दाराशी नवी पायरी बांधून घेतली होती, कारण जुन्या दगडावरून पाय सटकायचा. नवी पायरी जरा उंच झाली. आम्ही सगळे कितीतरी दिवस तिथं ठेचकाळत होतो. आत्याबाईंना दवाखान्यातून चौघांनी उचलून आत नेलं होतं. ती पायरी त्यांनी कधी बघितलेलीच नव्हती. मग हातात भरलेलं ताट, समोरचं काही दिसत नाही, जमीन हलते आहे, आणि ही बाई त्या पायरीवरून न अडखळता उतरली कशी?

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर ताटात घातली.

आत जायला कुणी तयार नव्हतं. पुन्हा धक्का येईल म्हणून सगळी गल्ली अंगणात बसून होती. शेवटी लेकीनं विटा मांडून चूल पेटवली. मी धीर करून एकदा आत गेले आणि रश्शाचं पातेलं बाहेर आणलं. गाठोडी एकाला एक चिकटून पातेल्यात लावली, वरून रस्सा ओतला, ती सुटू नयेत म्हणून त्यावर एक थाळी उपडी दाबली. हे सगळं माझे हात करत होते. मी कुठं होते, मला सांगता येणार नाही. शेजारच्या बायकांनी भाकरी आणल्या. सगळ्यांनी अंगणात बसून ती गाठोडी खाल्ली. दोरा ओढून काढायची लेकरांना भारी गंमत वाटली. हे कुठलं खाणं म्हणून बायका विचारत होत्या आणि लेक सांगत होती. आत्याबाई खुर्चीवर बसून जेवल्या. त्यांना लोक पाणी आणून देत होते.

दुपारी हे फाट्यावरून धावत आले. आईला खुर्चीवर बघून त्यांनी तिचे पाय धरले आणि लहान पोरासारखे रडले. नवऱ्याला असं रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. डोळे पुसून त्यांनी तिथंच भावाला फोन लावला. आई चालली, म्हणाले, हातात ताट घेऊन चालली. तिकडून दिरांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. या रविवारी येतो, ते म्हणत होते, आईला घेऊनच जातो.

मी आत्याबाईंच्या चेहऱ्याकडं बघत होते. जमीन हलली तेव्हा त्या घाबरलेल्या नव्हत्या. आता घाबरल्या होत्या.

ऊन कललं तशी माणसं पांगली. हे भिंतीला गेलेल्या चिरा बघायला गेले, लेक शेजारी गेली. आत्याबाई शेवग्याखालीच बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, ती पायरी तुमाला कशी म्हाईत?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू डोंगरकड्याला बाजारात गेलीस की उठत होते."

"कवापासून?"

"पोळा झाल्यावर."

पोळा झाला तो पावसाळ्यात, आणि आता थंडी पडली होती. मी खाली मातीतच बसले. पावसाळ्यातल्या कितीतरी दुपारी मला आठवायला लागल्या. मी बाजारातून परत यायची तेव्हा दोरीवरचे कपडे आत आलेले असायचे, घडी घालून मशीनवर ठेवलेले. मला वाटायचं, शेजारीण पाऊस बघून ठेवून जाते. मी तिला एकदोनदा म्हटलंही होतं, बरं झालं बाई. तिनंही कधी नाही म्हटलं नव्हतं. एकदा लेक घरी आलेली असताना तर निवडायला ठेवलेली मेथी निवडून झालेली सापडली होती आणि मी लेकीचं कौतुक केलं होतं.

हे सगळं आठवून माझा राग उतरायला हवा होता. उलट तो उसळला. कपडे काढता येत होते, मेथी निवडता येत होती, आणि संडासापर्यंत जाता येत नव्हतं?

"मग भांडं काहून देऊ दिलं मला?" मी विचारलं. "पोळ्यापासून मी तुमचं भांडं उचलून राहिले. काहून?"

त्यांनी मान वर केली नाही. हळू आवाजात, थांबत थांबत त्यांनी जे सांगितलं ते असं. पुण्याचं घर खूप वर आहे, लिफ्टनं जायचं. लिफ्टचं बटण त्यांना कधी धड जमलं नाही, एकदा त्या तीत अडकल्या आणि नात कडेवर रडत होती. तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नाहीत. सकाळी मुलगा आणि सून कामाला गेले की दार बंद, ते संध्याकाळीच उघडायचं. दिवसभर बोलायला एक ते लहान लेकरू. खिडकीतून खाली माणसं दिसायची, पण ओळखीचं कुणी नाही. जाऊ वाईट नव्हती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. चांगलंचुंगलं करून घालायची, हे कोबीचंसुद्धा. पण घास गिळवत नसे.

"तिथं मी मरून गेले असते तं संध्याकाळपर्यंत कोणाला कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "चालायला लागले असते तं त्यानं नेलंच असतं. पोटचं लेकरू हाय. त्याच्या तोंडावर न्हाई म्हणायचं मला जमत न्हाई."

"आन् माझ्याकडून भांडं उचलून घ्यायला जमलं."

मी उठून आत गेले. ज्या बाईनं मला फसवलं, तिनं मला फसवलं ते माझ्याच घरात राहता यावं म्हणून. यावर रागवायचं की आणखी काही करायचं, हे मला कळत नव्हतं. वीस-बावीस वर्षं आम्ही एका घरात राहत होतो. त्यात आमचं फार सख्य होतं असंही नव्हतं. त्या त्यांच्या जागी, मी माझ्या.

ह्यांना मी ते सगळं सांगितलं. आधी ते हसले. मग त्यांना कळलं की मी खरं सांगते आहे. आईशी याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मला एवढंच म्हणाले की तू काय ते ठरव, भांडं तू उचललंस.

मी ठरवलं की त्यांना पुण्याला जाऊ द्यायचं. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई सगळ्यांच्या देखत उठून संडासाला जायला लागल्या, स्वतःचं पाणी स्वतः घ्यायला लागल्या. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. जेवायचं ताट समोर ठेवायची आणि निघून जायची. शनिवारी मी त्यांची लुगडी धुऊन घडी घातली आणि पिशवी भरली. त्या खाटेवर बसून ते बघत होत्या. भर म्हणाल्या नाहीत, भरू नको असंही म्हणाल्या नाहीत.

रविवारी दीर आले. सोबत कुणी नव्हतं, गाडी घेऊन एकटेच. त्यांना हे रोल आवडतात म्हणून मी पुन्हा कोबी उकळायला टाकली होती. गोणीत अजून गड्डे होतेच. आत्याबाईंनी न सांगता ताट ओढून घेतलं होतं आणि त्या गुंडाळत बसल्या होत्या. दीर आत आले, आईच्या गळ्यात पडले. चालून दाखव म्हणाले. त्या उठल्या आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन आल्या. दिरांनी फोनवर ते टिपून घेतलं आणि जावेला पाठवलं.

मग ते पिशवी बघून म्हणाले, चला, तयारी पण झाली. जेवलो की निघू.

आत्याबाई माझ्याकडं बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही. त्या खाली बसल्या, एक पान उचललं, त्यात सारण ठेवलं. पण ते त्यांना गुंडाळता येईना. ज्या हातांनी भूकंपात ताट तोललं होतं, ते हात आता त्या पानाला सावरत नव्हते. सारण मांडीवर सांडलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात मसाल्यानं भरलेले. काही बोलायचं नाही असं माझं पक्कं ठरलेलं होतं. आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"भाऊजी, आत्याबाई येणार न्हाईत."

त्यांनी वळून बघितलं. ह्यांनीही. मी पुढं काय बोलणार, हे मलाच माहीत नव्हतं. तोंडात आलं ते बोलले. शिवणकाम वाढलंय, लग्नसराई तोंडावर आहे, हुक-बटणं लावायला, हातशिलाईला मला त्या लागतात. त्यांच्याशिवाय माझं भागणार नाही. यातलं काही खरं नव्हतं. आत्याबाईंनी तोवर एक हुकसुद्धा लावलेला नव्हता.

दिरांचा चेहरा बदलला. ते मला नेहमी मान देऊन बोलतात. त्या दिवशी मात्र म्हणाले, "वहिनी, आईला नुकतं कुठं उभं राहता येतंय, आणि तुम्ही तिला कामाला लावून राहिल्या? फुकटचा माणूस मिळाला म्हणून?"

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या हातांनी पोळ्यापासूनच नाही, त्याच्याही आधीपासून त्यांच्या आईचं सगळं केलं, ते हात समोर धरून मी उभी होते. पण खरं सांगायचं म्हणजे आत्याबाईंचं सोंग उघडं करायचं, आणि त्या दिवशी ते मला करवलं नाही.

तेव्हा आत्याबाईंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं.

"तिला काई बोलू नको," त्या म्हणाल्या. "ती खोटं बोलून राहिली माझ्यासाठी. मलाच यायचं न्हाई. मला कवाच यायचं नव्हतं."

दीर आईच्या तोंडाकडं असे बघत राहिले, की जणू ही बाई त्यांनी आधी पाहिलीच नव्हती. मग खुर्चीवर बसले. आमच्याकडं काय कमी होतं, असं काहीतरी ते म्हणायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. आत्याबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. काही समजावलं नाही, माफीही मागितली नाही. मी आत गेले आणि उरलेलं सारण गुंडाळत बसले.

दीर जेवले. फार बोलले नाहीत, पण दोनदा वाढून घेतलं. निघताना माझ्याकडं न बघता म्हणाले की वहिनी, मी बोललो ते मनावर घेऊ नका. मी हो म्हटलं. मनावर घेतलं होतंच.

त्यानंतर बरेच रविवार फोन आला नाही. मग एका दुपारी जावेचा आला, माझ्या फोनवर. मी बोलणी खायची तयारी करूनच तो घेतला. ती आधी इकडचं तिकडचं बोलली, मुलीला पाळणाघरात घातल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "ताई, मला माहीत होतं त्या इथं खुश नाहीत. संध्याकाळी आले की त्या दारामागंच बसलेल्या असायच्या. चपला घालून. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नोकरी सोडावी लागली असती मला."

ती लबाड आहे, आरामात राहते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी तिला विचारलं की तू सारणात पनीर कच्चंच घालतेस की परतून. परतून, ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ त्यावरच बोललो.

आता आत्याबाई खरोखरच हुक-बटणं लावतात. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक येतो. गल्लीत अजूनही लोक त्यांच्या उठण्याला चमत्कारच म्हणतात. आम्ही कुणाचा तो समज मोडलेला नाही. आमचं बोलणं वाढलंय, असंही फार म्हणता येणार नाही. पण मागच्या महिन्यात मला ताप आला. डोळे उघडले तेव्हा त्या खाटेच्या कडेला बसलेल्या होत्या आणि पाण्याची घडी माझ्या कपाळावर ठेवत होत्या. मी उठायला लागले तर त्यांनी खांदा दाबून मला झोपवलं.

"पडून राहा," त्या म्हणाल्या. "मी हाय."

भांड्याचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. त्यांनाही ते माहीत आहे. मी डोळे मिटले आणि पडून राहिले.